जवाच्या दोन दाण्यांची खूण

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. ओट्यावर उभ्या उभ्या दोन्ही टोकांनी उघडी अशी एक लोखंडी नळी माझ्या हातात दिली. माझ्यापेक्षा उंच, बाहेरून आठ कोनांची, आणि इतकी जड की तिचं एक टोक मला जमिनीला टेकवावं लागलं.

"आभाळाकडं धरा आणि आतून बघा," ते म्हणाले. "काय दिसतंय?"

"उजेड."

"गोल आहे, की कुठं चेपलाय?"

मी पुन्हा बघितलं. "गोल आहे."

"यंत्र नाही, वीज नाही. एका माणसानं हातानं ठोकलेली आहे ही. आणि उजेड गोल आहे." त्यांनी नळी परत घेतली, माझ्या बोटांचे ठसे धोतराच्या सोग्यानं पुसले आणि मग मला खोली दाखवली. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक खिडकी, एक खुंटी. मी राहिलो.

पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी कोकणातून, राजापूरकडून आलेलो. पिंपरीला नवे कारखाने निघत होते, त्यातल्या एकात फिटर म्हणून लागलो होतो. कारखाना आणि माझी खोली होती ते चिंचवड गाव यांच्यामध्ये तेव्हा नुसती शेतं. संध्याकाळी शिफ्ट सुटली की सायकलवरून बाजरीच्या कडेकडेनं घरी यायचं, स्टो पेटवायचा, भात टाकायचा आणि तो शिजेपर्यंत भिंतीकडं बघत बसायचं. गावात ओळख कुणाची नाही. माझं बोलणं ऐकून लोक हसायचे, म्हणून मी बोलायचाही कमी. असं असल्यामुळे घरमालकाशी माझं जमलं. त्यांच्याकडंही कुणी येत नसे.

गाव त्यांना बंदूकवाले म्हणायचं. मी काका म्हणायचो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नागपूरला रेल्वेत साहेब होता. काकांची सारी नोकरी लष्करी भांडारात गेली. तिथं त्यांचं काम काय होतं, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि ज्या आवाजात पंचांगातली तिथी सांगावी त्या आवाजात सांगितलं होतं. "लोकांकडून जप्त झालेल्या जुन्या बंदुका यायच्या. गाडाभर यायच्या. त्या मोडायच्या. नळी ऐरणीवर आडवी टाकायची आणि घणानं ठोकायची. चार माणसं ठोकायची, मी बघायचो आणि सही करायचो."

नोकरीभर बंदुका मोडणारा हा माणूस नोकरी संपल्यावर बंदुका शोधत हिंडत होता. त्याचं कारण मी कधी विचारलं नाही. वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीतरी लागतं.

सगळ्या बंदुकांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. हवी होती ती तोड्याची लांब बंदूक. म्हणजे चाप ओढला की पेटता दोर खाली वाकून दारूला लागायचा आणि बार उडायचा, तसली. त्यातही विलायती नको, उत्तरेतली नको. इथल्या, चाकणच्या आसपासच्या माणसानं केलेली हवी. त्यांचं म्हणणं साधं होतं. "चाकणला भुईकोट किल्ला. किल्ल्याला बंदुका लागणार. मग बंदुका करणारे हात फार लांब कशाला असतील?"

अशा चार नळ्या त्यांनी हुडकल्या होत्या. एक त्यांच्याजवळ होती, मला दाखवलेली. एक खेडच्या बाजूला एका देशमुखाच्या घरी, खंडेनवमीला हळदकुंकू लावण्यापुरती. एक देवळात. एक तर एका मळ्यात विहिरीच्या रहाटाला आडवी घातलेली. चारही नळ्यांवर बत्तीच्या भोकाजवळ, म्हणजे जिथून आग आतल्या दारूला लागते तिथं, एकच खूण होती. छिन्नीनं उमटवलेले जवाचे दोन दाणे, एकमेकांकडं तोंड केलेले.

या दोन दाण्यांच्या मालकाला ते उस्ताद म्हणत. उस्तादाचं नाव, गाव, काळ काहीच माहीत नव्हतं. पण नळीकडं बघून त्यांनी अख्खा माणूस उभा केला होता.

"नळीची खालची बाजू लाकडात बसते, म्हणून ती कुणी घासत नाही," ते मला दाखवायचे. "तिथं हातोडीचे घाव तसेच राहतात. बघा, सगळे या अंगानं पडलेत. उस्ताद डावखुरा." किंवा, "लोखंडाची पट्टी तापवून गजाभोवती वेलासारखी गुंडाळायची आणि ठोकून ठोकून एक करायची. सांधा कुठं दिसतोय का तुम्हाला? नाही ना? घाई नव्हती त्याला. शांत माणूस. घरात एकटाच असणार. पोराबाळांच्या गलक्यात असं काम होत नाही."

जेवतानासुद्धा उस्ताद असायचा. वांग्याची भाजी जमली तर म्हणायचे, "उस्तादाला आवडली असती." पाय दुखत असले तर म्हणायचे, "उस्तादाचे गुडघे म्हातारपणी गेलेच असतील. उकिडवं बसून काम." सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर मीही कधी कधी विचारायला लागलो, "उस्ताद चहा घेत असेल का हो?" ते गंभीरपणे म्हणायचे, "तेव्हा चहा कुठला आणलात? ताक."

एवढं बंदुकीचं वेड, पण स्वतः त्यांनी कधी बार काढला नव्हता. आवाजाला ते भीत. साधी लवंगी फुटली तरी अंग आक्रसून घ्यायचे. दिवाळी आली की कानात कापसाचे बोळे घालून, दारं-खिडक्या लावून आत बसत. एकदा लक्ष्मीपूजनाला मी गावी न जाता राहिलो होतो, तर त्यांना काही सांगायचं झालं की पाटीवर खडूनं लिहून दाखवावं लागत होतं. मी लिहिलं, "घाबरता तर हा नाद का?" त्यांनी खडू घेतला, खाली लिहिलं, "आवाज त्याचा नव्हे. आवाज दारूचा." आणि पाटी पुसून ठेवली.

सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकलींवरून निघायचो. भोसरी, मोशी, मग इंद्रायणी ओलांडून चाकण, आणि तिथून ज्या गावाचं नाव कुणी घेतलं असेल तिकडं. जुळवून बघायला म्हणून ते आपली नळी बरोबर घ्यायचे. बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सायकलच्या दांड्याला बांधलेली. लोकांना वाटे तंबोरा आहे. भोसरीला एकदा हवालदारानं अडवलं.

"काय हाय यात?"

"बंदूक," काका म्हणाले.

हवालदारानं लुगडं सोडायला लावलं. आत नुसती नळी. ना चाप, ना लाकूड. काकांनी ती त्याच्या हातात दिली आणि आतून बघायला सांगितलं. त्यानंही बघितलं.

"काय दिसतंय?"

"भोसरी दिसतीय," हवालदार म्हणाला. त्यानं पुन्हा एकदा नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "जावा."

बहुतेक फेऱ्या फुकट जायच्या. कुणी बंदूक म्हणून गॅसबत्तीचा नळ दाखवायचं. कुणी घरात बंदूक असूनही नाही म्हणायचं, कारण परवान्याची भानगड. काका कुणावर रागवायचे नाहीत. परतताना मोशीच्या चढावर सायकली हातात धरून चालताना एवढंच म्हणायचे, "सापडेल. त्याला कुठं जायचंय?"

मग फुंकणीचा पत्ता लागला.

चाकणच्या आठवड्याच्या बाजारात काका एका कासाराजवळ बसले होते. बांगड्या भरायला हा कासार गावोगाव फिरायचा, म्हणून काका त्याला धरून असत. तो सहज म्हणाला, "आमच्याकडं एका म्हातारीची फुंकनी बगा. लोखंडाची हाय, आन् आठ कोनी हाय. फुंकताना बाजूला अंगठा दाबून धरती, न्हाईतर वारं भाईर जातं."

काका उठून उभेच राहिले. बाजूला भोक असलेली आठ कोनी नळी म्हणजे काय, ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. बत्तीचं भोक.

आम्ही गेलो तेव्हा म्हातारी चुलीपुढंच होती. सत्तरीची असेल. डोळे धुरानं लाल, पण हात भरभर चालत होते. शेजारीच ती फुंकणी. दीड हात लांबीचा नळीचा तुकडा, काजळीनं काळाठिक्कर. काकांनी हात जोडले आणि फुंकणी बघायला मागितली.

"चूल पेटल्याली हाय," ती म्हणाली. "बसा."

आम्ही बसलो. घर धुरानं भरलं होतं. काकांना खोकला येत होता, पण ते उठले नाहीत. तिनं शेवटची भाकरी उतरवली, आम्हा दोघांच्या पुढं भाकरी आणि खर्डा ठेवला, आणि मग कुठं फुंकणी पदरानं धरून काकांच्या हातात दिली. त्यांनी चुलीतलीच राख घेतली आणि भोकाजवळची काजळी घासायला सुरुवात केली. भाकरी तशीच राहिली. घासता घासता त्यांचा हात थांबला. त्यांनी फुंकणी माझ्याकडं वळवली. जवाचे दोन दाणे.

"बाई, ही कुठली?"

"म्हायेरची. लगीन झालं तवा आज्यानं दिल्ती."

"आजोबा काय करायचे?"

"लोहारकी. इळं, खुरपी, नांगराचं फाळ."

"आणि बंदुका?"

म्हातारीनं हात पुढं केला आणि फुंकणी काढून घेतली. "न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात कुनी तसलं केलं न्हाई." आणि ती भांडी आवरायला उठली.

परत येताना मला वाटलं, काका नाराज झाले असतील. ते तर गुणगुणत होते. "आज्यानं दिली," ते मध्येच म्हणाले. "म्हणजे उस्तादाला नात होती." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "मग तो एकटा नव्हता." ते त्यांना फारसं रुचलेलं दिसलं नाही.

त्यानंतर ते एकटेच त्या म्हातारीकडं जात राहिले. काही विचारत नसत. जाताना चुलीसाठी सरपण बांधून न्यायचे, भाकरी खायचे, परत यायचे. एका सुट्टीला मीही बरोबर होतो. तिचे डोळे फार बिघडले होते. काका चुलीपुढं बसून फुंकत होते, भोकावर अंगठा दाबून, आणि ती भिंतीला टेकून बसली होती. ती आपण होऊन बोलली.

"माझा भाऊ हाय अजून. भामा नदीच्या अंगाला. त्याला इचारा. मी सांगितलं म्हनू नका."

भावाच्या गावी जायला पुढचा सुट्टीचा दिवस उजाडेपर्यंत काकांना चैन नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि नळी मात्र घरीच ठेवली. "उगीच घाबरतील," म्हणाले.

गावाच्या कडेला, नदीकडं उतरणाऱ्या वाटेवर लोहाराचं घर होतं. पुढं छपरात भट्टी. म्हातारा एका पाटावर बसून विळ्याला दात पाडत होता. बहिणीपेक्षा थोरला, कानानं जड. आत सून वावरत होती. मुलगा बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवायचं काम घेऊन शेजारच्या गावाला गेला होता. आम्ही बाजूला बसलो. काकांनी इकडचं तिकडचं काही काढलं नाही. मोठ्यानं, सावकाश म्हणाले, "बाबा, तुमच्या आजोबांनी केलेल्या बंदुका मी बघितल्यात. त्यांचं नाव विचारायला आलोय."

"आमच्यात कुनी बंदुका केल्या न्हाईत," म्हातारा म्हणाला. हातातलं काम थांबलं नाही. बहिणीचंच वाक्य, तसंच्या तसं. मला कळलं की हे घरातल्या सगळ्यांकडून लहानपणीच पाठ करून घेतलेलं असणार.

"मी कुणाला सांगणार नाही."

"तुमी सरकारी हाय का?"

काका नाही म्हणाले असते तर ते खरंच होतं. नोकरी कधीच संपली होती. पण ते म्हणाले, "होतो. जमा झालेल्या बंदुका मोडायच्या कामावर होतो."

म्हाताऱ्याचा हात थांबला. आतली भांड्यांची खुडबुडही थांबली. मला वाटलं, आता उठा म्हणतील.

"आमच्या बी मोडल्या?"

"मोडल्या."

"मंग आता कशाला इचारता?"

काका खाली बघत बोलले. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "एक मोडेना, बाबा. चार माणसं आलटून पालटून घण घालत होती. बाकीच्या नळ्या सांध्यावर उकलायच्या. ही वाजायची. घंटेसारखी वाजायची. माणसं दमली आणि हसायला लागली. साहेब आला, म्हणाला, भट्टीत टाका. टाकायच्या आधी मी ती हातात घेऊन बघितली. तिच्यावर जवाचे दोन दाणे होते. तो आवाज तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. कुणी केली एवढंच मला पाहिजे होतं."

म्हाताऱ्यानं विळ्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "भट्टीत घातली?"

"घातली. मीच सही केली."

"वाजत व्हती म्हनता?"

"हो."

त्यानं मान हलवली, आणि विळा खाली ठेवला. सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं. आम्ही पाणी प्यायलो. मग त्यानं सांगितलं. इंग्रजांचा हत्यारांचा कायदा आला तेव्हा शिपाई आले होते. आज्याला चावडीवर बसवून ठेवलं, मारलं. कुणाकुणाला बंदुका दिल्या ते विचारत होते. त्यानं सांगितलं नाही. सुटून आल्यावर त्यानं घरातल्या सगळ्यांना जमवलं आणि भंडाऱ्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की आपण इळं करतो, फाळ करतो. नळ्या गुंडाळायचा गज त्यानं स्वतः नेऊन नदीच्या डोहात टाकला. एक नळी भोक आणि खूण पाडून तशीच अर्धी राहिली होती. तिचा तुकडा तोडून फुंकणी केली आणि ती पुढं नातीला दिली.

"डावखुरे होते का?" काकांनी विचारलं.

"व्हय. डाव्या हातानं जेवायचा म्हनून आजी कावायची."

काकांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी बघितला नव्हता.

"शांत असतील स्वभावानं."

"कुठला शांत," म्हातारा म्हणाला. "गावात कुनाशी पटायचं न्हाई त्याचं. तोंडाचा लई फटकळ. घरात ही पोरं. मांडीवर एक, खांद्यावर एक, तसाच ठोकत बसायचा. आमालाच भाता वडायला लावायचा."

काका हसले, पण थोडं उशिरा हसले. मग म्हातारा त्यांच्या कानाशी झुकला आणि नाव सांगितलं. कानानं जड असल्यामुळे तो हळू म्हणून बोलला तेही मला ऐकू आलं. साधं नाव होतं, कुठल्याही गावात सापडेल असं. ते मी इथं लिहीत नाही. त्या घरात ते अजूनही मोठ्यानं कुणी घेत नसेल.

परतताना वाटलं होतं, काका उड्या मारतील. ते सायकलवर बसलेच नाहीत. चाकणपर्यंत चालत आले. मी विचारलं, "काका, बरं नाही का?" ते म्हणाले, "छान आहे. सगळं कळलं."

त्या दिवसानंतर घरात उस्ताद राहिला नाही. भाजी जमली तरी त्याचं नाव निघेना. मीच एकदा काढलं, तर म्हणाले, "त्याला त्याची माणसं आहेत हो. मी उगाच इतकी वर्षं त्याला इथं आणून बसवला होता." सकाळी उठून ओट्यावर बसायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. नळी कोपऱ्यात उभी असायची, तिच्यावरची धूळ पुसली जात नव्हती. नाव मिळालं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगायची सोय असती तरी कुणाला सांगणार होते? गावाला बंदूकवाल्याशी बोलायचं नव्हतं आणि मुलाला बापाच्या या नादाचा आधीपासून संताप होता.

मी शिफ्टवरून आलो की आम्ही दोघं आपापल्या स्टोपुढं बसायचो. दोन स्टोंचा आवाज तेवढा घरात. पूर्वी मला वाटायचं, उस्तादाच्या गोष्टींचा कंटाळा येतोय. आता त्या नव्हत्या, तेव्हा कळलं की मी त्यांच्यासाठीच सायकल दामटत घरी यायचो.

एके दिवशी आलो तर काकांच्या खोलीला कडी. शेजारच्या बाईनं सांगितलं, सकाळीच सायकल घेऊन गेलेत. ते दुसऱ्या दिवशी आले. "लोहाराचा मुलगा आजारी आहे," म्हणाले. "म्हाताऱ्याला भाता ओढायला कुणी नव्हतं." दोन दिवस राहून परत गेले. मुलगा बरा झाला तरी यांचं जाणं थांबलं नाही. आधी सणावारी, मग आठवडा आठवडा, आणि मग एकदा गेले ते आलेच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप आला. पावसाळ्याआधी कौलं तेवढी नीट करून घ्या.

मी घाबरलो. त्यांच्या मुलाला नागपूरला कार्ड टाकलं. तो रजा काढून आला. उंच, नीटनेटका, बापासारखेच जाड कान. दारात उभा राहून त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "डोकं ठिकाणावर आहे ना त्यांचं?"

"आहे," मी म्हणालो.

आम्ही एस.टी.नं चाकणला उतरलो आणि तिथून पुढं चालत. वाटेत तो एकदाच बोलला. लहानपणी बाप रोज हात काळे करून घरी यायचा आणि कुणाशी न बोलता जेवून झोपायचा, असं काहीतरी म्हणाला.

भट्टी पेटलेली होती. काका भात्याशी बसले होते. अंगात बंडी, कपाळाला पंचा. दोरी खाली, दोरी वर, एकसारखी. म्हातारा सांडशीनं फाळ उलटासुलटा करत होता. मुलाला बघूनही काकांनी दोरी सोडली नाही. "थांब," म्हणाले. "लोखंड तापलंय." आम्ही उभे राहिलो. फाळ लाल झाला, पांढरट झाला, ऐरणीवर आला, म्हाताऱ्याच्या मुलानं घण घातला. पाण्यात गेला तेव्हा कुठं काका उठले, पंच्यानं हात पुसले आणि मुलाजवळ आले.

"जेवलास का?"

"नाही."

"मग जेव."

सुनेनं पानं वाढली. काका आमच्यात बसले नाहीत. म्हाताऱ्याबरोबर पलीकडं बसले. म्हातारा भाकरी मोडून आमटीत घालायचा, काका त्याच्या ताटात मीठ सरकवायचे. तेवढंच. मुलगा ते बघत होता.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, नागपूरला चला. मोठा बंगला आहे. तुम्हाला वेगळी खोली आहे."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ठेवताना जरा अडखळले, कसा ठेवायचा ते विसरल्यासारखे. "येईन कधीतरी," म्हणाले. "इथं सध्या पेरणीची कामं आहेत. फाळ खूप आलेत." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचं कसं चाललंय? नोकरी बरी आहे ना?" पाहुण्याला विचारावं तसं विचारलं. मी बरी आहे म्हणालो.

निघताना म्हाताऱ्या लोहारानं काकांच्या मुलाला हात जोडले. "तुमचं वडील चांगला भाता वडत्यात," तो म्हणाला. "दम एकसारखा हाय." मुलानंही हात जोडले.

चाकणच्या स्टँडवर गाडीला वेळ होता. कांद्याच्या गोणींवर आम्ही बसलो. बराच वेळ तो बूट बघत होता. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुम्ही त्यांच्याजवळ राहिलात इतकी वर्षं. माझ्याबद्दल कधी बोलायचे का?"

"हो," मी म्हणालो.

"काय बोलायचे?"

मी आठवायला लागलो. मुलगा नागपूरला आहे, रेल्वेत साहेब आहे. त्यापलीकडं काही आठवेना. रचून सांगावं असंही मनात आलं, पण तो वाट बघत होता आणि मला एक वाक्य जुळवता आलं नाही. थोड्या वेळानं तो "बरं" म्हणाला. रागानं नाही. गाडी आली तेव्हा त्यानं दोघांची तिकिटं काढली आणि मला खिडकीची जागा दिली. मोशी गेली, भोसरी गेली. कासारवाडीला मी उतरायला उठलो, तेव्हा त्यानं माझा हात धरला.

"तुम्ही घर सोडू नका," तो म्हणाला. "कुणीतरी राहत असलेलं बरं."

मी मान हलवली आणि उतरलो. घरी आलो, दार उघडलं, स्टो पेटवला आणि एका माणसाचा भात टाकला.